आडव्या वाऱ्यात वळणारी कयाक आणि अडकलेला स्केग

तुम्ही लिहिलंय की मालवणहून दक्षिणेला जाताना दुपारच्या वाऱ्यात कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) सारखी उजवीकडे फिरते, स्केग (मागच्या तळातून पाण्यात सोडायचं पातं) मधेच अडकतो आणि दुकानदार म्हणतो, "तुम्हाला वापरता येत नाही." दुकानदाराचं हे वाक्य वाचलं आणि जुना राग उफाळून आला.

वळण्याचं आधी संपवतो. वायव्येचा वारा तुमच्या उजव्या खांद्यामागून येतो. होडी चालती असताना पुढचं टोक पाण्यात धरलेलं असतं, मागचं सैल. वारा मागचं टोक ढकलतो आणि तोंड वाऱ्याकडे जातं. होडीत खोट नाही. स्केग थोडाथोडा सोडा, तोंड सरळ राहिलं की थांबा. आडव्या वाऱ्यात एकदम पूर्ण सोडलात तर बऱ्याच होड्यांचं तोंड उलट, वाऱ्यापासून दूर वळतं. सामान पुढं जास्त असेल तर त्रास वाढतो. पाण्याचा कॅन मागच्या हॅचमध्ये (झाकणाच्या सामानाच्या कप्प्यात) टाकून बघा.

आता अडकण्याचं. मी वेल्समध्ये अँगलसीच्या आसपास वल्हवतो. माझ्या प्लास्टिकच्या होडीत स्लायडर (वायरीनं स्केग वर-खाली करायची सरकती मूठ) अडला आणि स्लायडरपाशीच वायर मुडपली. दुकानाचं म्हणणं, "जोर लावलात, वॉरंटीत बसत नाही." पैसे भरून नवी वायर घातली. पुन्हा तेच. म्हणे गोटा अडकला असेल. गोटा नव्हताच! दर वेळी वायर बदलायची, बिल फाडायचं, पण होडी उलटी करून पात्याकडे कुणी बघायचं नाही. शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं स्टीलची पातळ पट्टी पात्याच्या दोन्ही बाजूंनी सरकवली. एका बाजूनं सरळ गेली, दुसऱ्या बाजूला मधेच थांबली. स्केग ज्यात आत जातो त्या तळातल्या खोबणीची भिंतच आत फुगली होती. यावर दुकानाचं उत्तर: "उन्हात ठेवली असेल." वेल्सच्या उन्हात!

तेव्हा वायरीचे पैसे देण्याआधी खोबण तपासून घ्या, आणि पट्टी अडते त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. खडा असेल तर हातानं काढा, स्लायडर दामटू नका. मुडपलेली वायर सरळ करून चालवू नका, त्याच जागी परत मुडपते. मी काही मेकॅनिक नाही, आणि तुमच्या मॉडेलचा स्केग वायरीऐवजी दोरीनं चालत असेल तर वायरीचं हे सगळं सोडून द्या. मला विचाराल तर दोरीचाच स्केग घ्यावा. किनाऱ्यावर बसल्या बसल्या दुरुस्त होतो. पात्याच्या टोकाला भोक पाडून बोटभर दोरी बांधा, म्हणजे पाण्यात अडकला तर सोबतचा माणूस ओढून काढेल. वाळूला लागण्याआधी स्केग वर, हे तुम्ही करतच असाल.

"सुकाणूवाली घ्या" म्हणणाऱ्यांकडे तूर्त दुर्लक्ष करा. सुकाणूलाही बहुधा वायरीच असतात, आणि त्या विकणारं दुकानही तेच.

एक राहिलं. मागच्या हॅचमध्ये पाणी साचतंय का? साचत असेल तर होडी उलटी ठेवून खोबणीत पाणी भरा आणि थोड्या वेळानं हॅचमध्ये हात फिरवून बघा. खोबणीचा सांधा गळतो कधीकधी. दुकानात हेही कुणी करत नाही.