अमेरिकेत आठ जणांचा डिझाइन स्टुडिओ आहे. सगळ्यांना आरोग्य विमा देणं सक्तीचं आहे का?

नाही. संघीय कायद्याची सक्ती ५० पूर्णवेळ माणसांपासून सुरू होते. मात्र मोजणी नीट करा. आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ. अर्धवेळ लोकांचे महिन्याचे तास एकत्र करून १२० ने भागायचे. सहा पूर्णवेळ आणि महिन्याला ६० तासवाले चार असतील, तर २४० भागिले १२०, म्हणजे दोन, एकूण आठ. ५० फारच लांब आहे. फक्त हवाईत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे १९७४ पासून राज्याचा स्वतःचा कायदा आहे.

फ्रीलान्सर यात धरत नाहीत. पण तुमचा 'फ्रीलान्सर' रोज तुमच्याच टेबलावर, तुमच्याच वेळेत आणि तुमच्या सांगण्यानुसार काम करत असेल, तर कर खातं त्याला कर्मचारी म्हणू शकतं. आपल्या धंद्यात हा घोळ सर्रास दिसतो.

तरीही काही द्यायचं असेल तर ग्रुप पॉलिसीच्या मागे लागण्याआधी 'क्यूसेरा' (QSEHRA, लहान कंपन्यांसाठीची विमाखर्च परतफेडीची योजना) बघा, असं मी म्हणेन. लोक आपापला विमा घेतात, तुम्ही ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त परतफेड करता. २०२५ ला एकट्यासाठी ती वर्षाला ६,३५० डॉलर होती. अट एकच टोचते: सोबत ग्रुप पॉलिसी चालत नाही. 'इक्रा' (ICHRA) ही तशीच दुसरी परतफेडीची योजना; तिला वरची मर्यादा नाही, कागदपत्रं जरा जास्त.

ग्रुप पॉलिसीच हवी असेल तर 'शॉप'मधून (SHOP, लहान धंद्यांसाठीचा सरकारी विमा बाजार) घ्या. पगार कमी असतील तर २५ पेक्षा कमी पूर्णवेळ माणसांच्या फर्मला हप्त्यातल्या आपल्या वाट्यावर ५० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळू शकते, तीही सलग दोनच वर्षं.