पितळी नट पेटीतच चिरतात, तर कोणती चाचणी करावी?

तुम्ही लिहिलंय की भोसरीत तुमचे फ्लेअर नट (तांब्याच्या नळ्या जोडायचे पितळी नट) तयार होतात, लॅबचा केमिकल रिपोर्ट ओके येतो, तरी पावसाळ्यात पेटीत पडल्यापडल्या नटांना उभ्या चिरा जातात. मग पितळाची 'कोणती' टेस्ट करायची?

रिपोर्ट खोटा नाही, तो फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. जस्त १५ टक्क्यांच्या वर गेलं की पितळ या दुखण्याला (स्ट्रेस करोजन, म्हणजे ताण आणि रसायन मिळून जाणारी चीर) बळी पडू शकतं, आणि तुमच्या फ्री-कटिंग (मशीनवर सहज कापल्या जाणाऱ्या) रॉडमध्ये ते ३५ च्याही वर असतं. म्हणजे धातू तसाच असणार. चीर जायला आणखी दोन गोष्टी लागतात: आत दबलेला ताण आणि दमट हवेतला अमोनिया. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली काडतुसं अशीच तडकत. त्यामागचं कारण १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं.

म्हणून रॉडचा तुकडा तपासायला देऊ नका, तयार नट द्या. लॅबला 'आयएसओ ६९५७, अमोनिया टेस्ट' एवढं सांगितलं तरी पुरे. त्यात नवसागराचं (हो, कल्हईवाल्याचाच!) द्रावण कॉस्टिकने ठरलेल्या पीएचला आणतात, नेहमीच्या वापरासाठी ९.५ धरतात. नट ग्रीस काढून, ॲसिडने साफ करून बंद भांड्यात त्या वाफेवर २४ तास टांगतात. मग पुन्हा ॲसिडमध्ये धुऊन १०-१५ पट भिंगाखाली बघतात. काळपट थर निघाल्याशिवाय चीर दिसत नाही, इथेच पुष्कळ जण फसतात.

काही नट सुटे द्या आणि काही नेहमीच्या टॉर्कने आवळलेले. सुटा पास आणि आवळलेला फेल झाला, तर दोष फिटिंगच्या ताणाचा. सोबत २७५ अंश सेल्सिअसवर तासभर तापवून स्ट्रेस रिलीव्ह केलेले, म्हणजे आतला ताण काढलेले चारपाच नटही टाका. ते वाचले आणि बाकीचे चिरले, की तुमचा उपाय तुम्हाला मिळाला.

मर्क्युरस नायट्रेटची जुनी चाचणी अर्ध्या तासात निकाल देते, पण तो पारा आहे. शॉपमध्ये तर मुळीच करू नका.

आमच्या जुन्या कंपनीत तडकलेल्या सगळ्या पेट्या स्टोअरच्या एकाच भिंतीला लागून होत्या. भिंतीपलीकडे मुतारी होती, म्हणजे अमोनिया तिथूनच. तुमच्याही रॅकमागे काय आहे, एकदा बघून या.