गॅस गिझर सारखा बंद पडतोय? आधी घड्याळ बघा

किती वेळाने बंद पडतो, त्यावरून निम्मा दोष कळतो.

ठिणगी पडते, ज्योत पेटते आणि दोन-चार सेकंदांत विझते? मग ज्योत ओळखणारी सेन्सरची काडी बघा. बर्नरच्या तोंडाशी दोन-तीन काड्या असतात. ठिणगीची वेगळी, सेन्सरची वेगळी. सेन्सरच्या काडीवर काजळी बसली की ज्योत असूनही सर्किटला ती ‘दिसत’ नाही आणि ते गॅस तोडतं. सिलिंडर बंद करा, सेल काढा, बारीक पॉलिश पेपरने काडी हलकेच घासा. वाकवू नका, टोक ज्योतीतच राहायला हवं. सेल दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको.

पाच-सात मिनिटांनी बंद पडत असेल तर बहुतेक पाणी कमी पडतंय आणि ओव्हरहीटचा कट-ऑफ लागतोय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत टाकी गिझरच्या जेमतेम वर असते. एक मीटर उंचीला फक्त 0.1 बार दाब मिळतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणाऱ्या गिझरखाली 15 लिटरची बादली साधारण अडीच-तीन मिनिटांत भरायला हवी. नाहीतर इनलेटची जाळी काढून क्षार धुवा.

बरोबर 20 मिनिटांनी बंद? अनेक मॉडेलांत तो टायमरच असतो, बिघाड नव्हे.

ग्वाल्हेरच्या जानेवारीत संपत आलेला सिलिंडरही दाब सोडतो, शेगडीची ज्योत बघून खात्री करा.

आणि कळकळीने सांगतो, सेन्सरची वायर जोडून ‘बायपास’ करू देऊ नका. थंडी म्हणून बाथरूमची खिडकीही बंद करू नका. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.