कव्हरमागचा बारीक टाइप

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा जिन्यात भेटलीस आणि चप्पल घालता घालता विचारून गेलीस, "काका, अ‍ॅप मला फिरून फिरून तीच चाळीस गाणी ऐकवतंय. तुम्हाला हे कुठले कुठले बँड सापडतात तरी कसे?" जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस.

अ‍ॅपवर रागावू नकोस. तुझ्यासारख्यांनी काय ऐकलं, एवढंच त्याला कळतं. ज्या बँडला जगात मोजून तीनशे माणसं ऐकतात, तो त्या हिशेबात बसणार कसा? तेव्हा गाण्यावरून गाणं शोधणं सोड. माणसावरून माणूस शोध.

मला ही खोड गरिबीमुळे लागली. मुंबईत काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउस या गाण्यांच्या दुकानात (२०१६ साली बंद झालं ते) मी दोन-दोन तास उभा असायचो आणि खिशात पैसे एका कॅसेटचे. मग त्या एका कॅसेटमधून निघेल तेवढं पिळून काढायचं. आतला घडीचा कागद उलगडायचा: बेस कोणी वाजवला, रेकॉर्डिंग कोणी केलं, चित्र कोणाचं, आभार कोणाचे. आभार कधी सोडू नकोस. छोटे बँड ज्यांचे आभार मानतात, त्यातली बरीचशी नावं दुसऱ्या छोट्या बँडांची असतात.

आता हेच करून दाखवतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डनीडिन नावाचं गाव आहे. लाख-सव्वा लाख वस्ती, विद्यापीठ, समुद्र आणि थंडी. तिथे हॅमिश आणि डेव्हिड किलगूर या दोघा भावांचा 'द क्लीन' नावाचा बँड होता. १९८१ साली त्यांनी 'टॅली हो' हे गाणं पन्नास-साठ डॉलरांत रेकॉर्ड केलं. काढलं कोणी? 'फ्लाइंग नन' या लेबलने (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), म्हणजे क्राइस्टचर्चमधल्या रॉजर शेफर्ड या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने, त्याच वर्षी. गाणं देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकोणिसाव्या नंबरवर गेलं. त्यात ऑर्गन आहे, जरा खेळण्यातल्यासारखा. तो वाजवणारा पोरगा क्लीनचा नव्हेच, तो 'द चिल्स'चा मार्टिन फिलिप्स. झालं, एका ऑर्गनवरून दुसरा बँड हाती आला.

पुढे बघ. क्लीनची पुढची रेकॉर्ड ख्रिस नॉक्सने आपल्या चार ट्रॅकच्या टीॲक मशीनवर केली. चार ट्रॅक म्हणजे टेपवर चारच वेगळे पट्टे: ड्रम, गिटार, बेस, आवाज, की संपलं. आणखी काही घालायचं तर आधीचे दोन एकात मिसळून जागा करायची, आणि एकदा मिसळलं की परत सुटं होत नाही. म्हणून त्या गाण्यांत एक धसमुसळेपणा आहे, सगळे एकाच खोलीत कोंबल्यासारखे वाटतात. तीही रेकॉर्ड यादीत पाचव्या नंबरपर्यंत पोचली. हा नॉक्स आधी 'टॉय लव्ह'मध्ये गायचा. त्याच बँडचा बेसवाला पॉल कीन आणि क्लीनचा बेसवाला रॉबर्ट स्कॉट पुढे 'द बॅट्स'मध्ये एकत्र आले. बघ, एका कागदावरून चार बँड झाले, आणि अजून आपण एका देशाच्या बाहेर पडलेलो नाही.

चिल्सचं एक गाणं आहे, लेदर जॅकेटवरचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते नुसतं उडतं गाणं वाटलं. नंतर कळलं की त्यांचा ड्रमर मार्टिन बुल १९८३ साली ल्युकेमियाने गेला आणि जाताना आपलं जॅकेट फिलिप्सला देऊन गेला. गाणं त्या जॅकेटचं. तेव्हापासून मला ते नुसतं उडतं वाटत नाही.

फोकमध्येही वाट हीच. निक ड्रेक हा इंग्रज गायक तू ऐकतेस, मला माहीत आहे, भिंतीतून येतो. त्याच्या पहिल्या रेकॉर्डचा निर्माता जो बॉइड, आणि काही गाण्यांची व्हायोलिनं वगैरे बसवणारा रॉबर्ट कर्बी. या दोघांची नावं जिथे पुन्हा एकत्र दिसतात तिथे जा, म्हणजे १९७० सालचा वॅश्टी बनियनचा अल्बम लागेल. ही बाई घोडागाडीतून लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली होती आणि वाटेत गाणी करत होती. अल्बम कोणी विचारला नाही आणि तिने गाणं सोडलं. २००० साली तो पुन्हा निघाला, लोक वेडे झाले, आणि तिचा दुसरा अल्बम २००५ साली आला. पस्तीस वर्षांनी! आवाज इतका हळू आहे की पंखा बंद करावा लागतो.

लांबच जायला हवं असंही नाही. 'गँगस्टर'मधलं 'भीगी भीगी' तुला येतं. त्याची चाल कोलकात्याच्या 'मोहिनेर घोडागुली'च्या गाण्याची आहे. जीबनानंद दासांच्या कवितेतून नाव उचललेला, गौतम चट्टोपाध्यायांचा हा बँड सत्तरच्या दशकातला. बाउल (बंगालमधले फिरते लोकगायक) गाण्याचा बाज आणि गिटार एकत्र. १९७७ ते १९७९ या काळात तीन छोट्या रेकॉर्ड काढल्या आणि बँड मोडला. बंगाली येत नसलं तरी ऐक, मलाही येत नाही.

आता कागद नाही म्हणशील. डिस्कॉग्ज नावाच्या वेबसाइटवर जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डचा बारीक टाइप कोणीतरी हौसेने टाइप करून ठेवलाय. नावावर टिचकी मारली की त्या माणसाने आणखी कुठे काय वाजवलं ते येतं. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर गावाच्या नावाने शोधता येतं. तिथे विकत घे. डिजिटल विक्रीत ते साधारण पंधरा टक्के ठेवतात, बाकीचे बहुतेक पैसे बँडला जातात. महिन्याला एक अल्बम, पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतो.

एकच, आणि हे माझ्या फजितीतून. इंटरनेट आलं तेव्हा मी कोणाच्या तरी यादीवरून दोनशे अल्बम उतरवून घेतले. अनवट बँड, म्हणजे मी मोठा रसिक! हार्ड डिस्क अजून कपाटात आहे आणि त्यातले दहासुद्धा मला नीट आठवत नाहीत. कॅसेट मात्र आठवतात, कुठली कुठे अडकायची तेसुद्धा. त्यामुळे एका वेळी एकच घे, आठवडाभर ऐक. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, तो येऊ दे. माझं तर बऱ्याचदा पाचव्या दिवशी काहीतरी उघडलंय. नाही उघडलं तर सोडून दे. अनोळखी आहे म्हणून चांगलंच असेल असं कुठे आहे? बरेच बँड योग्य कारणानेच विस्मरणात गेलेत, आणि तसं मोकळेपणाने म्हणत जा.

सुरुवात 'टॅली हो'पासून कर. तो ऑर्गन काढून टाकला तर गाण्याचं काय उरतं, ते रविवारी चहाला येशील तेव्हा सांग. तुझी काकू म्हणते काही उरत नाही. माझं आणि तिचं यावरून गेली कित्येक वर्षं पटलेलं नाही.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका