घरच्या घरी रेझिनचे नकली हिरे-माणिक बनवायला सिलिकॉन मोल्ड कसा करायचा?

सोपंय, फक्त ओरिजिनल खडा एकदम चकचकीत पाहिजे कारण सिलिकॉन बारीकसा ओरखडापण उचलतं. खड्याची वरची सपाट बाजू डब्याच्या तळाला चिकटवा, म्हणजे मोल्ड उलटा केला की तीच रेझिन ओतायची जागा होते. खडा काचेचा असेल तर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा, नाहीतर चिकटून बसेल. प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) घेतलं तर सल्फरवाली क्ले जवळपास नको, तिथे सिलिकॉन चिकटच राहतं, सेटच होत नाही. सिलिकॉन हळू ढवळा आणि डब्याच्या एका कोपऱ्यात, उंचावरून, बारीक धारेने ओता, बुडबुडे बरेच कमी होतात. यूव्ही रेझिन (अतिनील लाइटने घट्ट होणारं) वापरणार असाल तर सिलिकॉन पारदर्शकच घ्या, नाहीतर लाइट आत पोचणार कसा? तयार खड्याची वरची बाजू नंतर पॉलिश पेपरने घासावी लागतेच, ४०० नंबरच्या पेपरपासून २००० पर्यंत, पाणी लावून, आणि हो, मास्क घाला.