कर्सिव्हची घाई नको

प्रश्न : माझा नातू मुंबईतील मराठी माध्यमाच्या एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत तिसरीत शिकतो. यंदा इंग्रजीच्या तासाला चार रेघी वहीत कर्सिव्ह, म्हणजे एकमेकांना जोडलेले अक्षर, काढावे लागते आणि सुटी अक्षरे लिहिली तर गुण कापले जातात. पुस्ती काढताना तो रोज रडकुंडीला येतो आणि त्याचे मराठी अक्षरही बिघडू लागले आहे. आजच्या काळात कर्सिव्ह खरोखर आवश्यक आहे का? – एक आजी, परळ

उत्तर : मराठी अक्षर बिघडल्याचे आपले निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते, तर इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते; देवनागरीत आपण अक्षरागणिक हात उचलतो आणि शिरोरेषा बहुधा शेवटी देतो, तर कर्सिव्हमध्ये शब्द संपेपर्यंत हात शक्यतो उचलायचा नसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होते, त्यामुळे मराठी शाळेतील मूल बाराखडी आणि जोडाक्षरे गिरवत असतानाच इंग्रजीची लहानमोठी ५२ अक्षरे शिकते. ती पक्की होण्याआधीच त्यांची निराळी रूपे समोर आली, तर हात गोंधळतो. त्यात मुलाचा आळस नसतो.

जोडून लिहिणे आपल्याला परके नाही. पूर्वी मराठी ज्या मोडी लिपीत लिहीत, तिच्यात आधी ओळभर शिरोरेषा आखून तिच्याखाली भराभर लिहीत, आणि कारकुनाचा वेग त्यातूनच येई. मात्र छपाईला बालबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची ठरली, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि आज घरातले जुने खरेदीखत वाचायलाही जाणकार शोधावा लागतो. म्हणूनच कर्सिव्ह वाचता येणे मला लिहिण्याइतकेच, किंबहुना अधिक, गरजेचे वाटते. त्यातील ‘आर’, ‘एस’ आणि ‘झेड’ छापील रूपांहून इतके वेगळे असतात की कोणी दाखवल्याशिवाय मुलाला ते ओळखू येत नाहीत.

इतर देशांतही याबाबत एकमत नाही. फिनलंडने २०१६ पासून कर्सिव्हची सक्ती काढली, तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांसाठी ते पुन्हा आणले. हाताने लिहिण्याचे महत्त्व मी निःशंकपणे मानतो, कारण अक्षर काढता काढता मूल ते ओळखायला शिकते. पण हा लाभ सुट्या अक्षरांतूनही मिळतो.

तेव्हा सध्या घरी पुस्तीची पाने वाढवू नयेत. रोज दहा मिनिटे पुरेत, आणि पेन्सिल करकचून धरली जाते का, एवढेच पाहावे. मराठीचा सराव वेगळ्या वेळी घ्यावा. इंग्रजीची सुटी अक्षरे न अडखळता येऊ लागली की ‘एन’ आणि ‘एम’ अशा सारख्या वळणाच्या अक्षरांपासून जोडणी सुरू करावी. दरम्यान बाईंना किंवा सरांना भेटून, सुवाच्य सुट्या अक्षरांतील बरोबर उत्तराचे गुण कापू नयेत, अशी विनंती अवश्य करावी. इंग्रजीच्या उत्तरात भाषा तपासायची असते. अक्षराच्या वळणासाठी वेगळी पुस्ती आहेच.