नातू फोनवर बोलतच नाही

परदेशात वाढणारी नातवंडं आपल्याला परकी होणार का? लातूरला माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे आजी-आजोबा हल्ली हे वरचेवर विचारतात. त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजोबा निवृत्त शिक्षक. मुलगा-सून न्यू जर्सीत, नातू नऊ वर्षांचा. रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. "दोन मिनिटांत पळतो. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. सुनेनं वळणच लावलं नाही," गुरुजींची तक्रार. आजी मात्र म्हणाल्या, "मॅडम, त्याला काय बोलावं तेच सुचंना बगा."

कॉलवर काय बोलता, ते विचारलं. अभ्यास कसा चाललाय, सतराचा पाढा म्हण, मनाचे श्लोक म्हणून दाखव. पडद्याबाहेरून आई हळूच ओळ सुचवणार, पोरगं अडखळणार, गुरुजी दुरुस्ती करणार. रोज तोंडी परीक्षा असेल तर कोणतं मूल थांबेल? लातुरातलंही थांबणार नाही. त्यात हिवाळ्यात आपले सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ, ऐन शाळेची घाई.

ऐकलेलं कळतं पण उत्तर इंग्रजीत देतो, हे अशा मुलांमध्ये अगदी नेहमीचं आहे. मराठी आत आहे, जिभेवर यायला तिला कारण हवं. सुनेवर राग काढून ते मिळत नाही. उलट फोन लावून देणारं माणूसच दुरावतं. हे गुरुजींना फारसं रुचलं नाही.

मी दोनच गोष्टी सुचवल्या. रोजचा कॉल बंद करून रविवारी रात्री आठला करायचा आणि बोलण्यापेक्षा काहीतरी करत राहायचं. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात साजरा होणारा आमच्याकडचा सण, जवळ आली होती, तिकडे नाताळची सुटी होती. आदल्या रात्री आजींनी फोन डब्याला टेकवला आणि भज्जीसाठी, म्हणजे त्या सणाच्या मिसळीच्या भाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. वाटाणा, हरभरा, मेथी, चिंच, सगळं पुढ्यात. नातू बघत राहिला. मग आजींनी बाजरीचे उंडे वळायला घेतले, तर त्यानं तिकडे आईकडून कणीक मागून घेतली. त्याचा उंडा चपटा झाला. आजी खळखळून हसल्या, "आरं, ही तर भाकर झाली!" अर्ध्या तासात त्याचे मराठी शब्द मोजकेच होते, पण ते कुणी म्हणायला लावले नव्हते. दुसऱ्या दिवशी शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीचा, म्हणजे खोपीचा, व्हिडिओ गेला. आत चुन्याने रंगवलेले पांडव म्हणजे नुसते दगड का, यावर त्याने गुरुजींना भंडावून सोडलं.

तिकडच्या रविवारच्या मराठी शाळेत घालावं का, असंही त्यांनी विचारलं. जरूर घाला. तिथे त्याच्यासारखी इंग्रजीत उत्तर देणारी इतर मुलं भेटतात, हा मला लिहिण्या-वाचण्याहून मोठा फायदा वाटतो. मात्र तिथला गृहपाठ आजोबांनी फोनवर तपासायचा नाही.

गुरुजी अजून अधूनमधून पाढा विचारतात. आजी कोपराने ढोसतात. जूनअखेर नातवाला सुटी लागते, तेव्हा तो येणार आहे. गुरुजींनी तुळजापूर, परळी, औंढा आणि सगळ्या पाहुण्यांची यादी आधीच करून ठेवली होती. पहिले आठ दिवस कुठेही नेऊ नका, असं मी सांगितलंय. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीनची पेरणी चालू असेल, तिथे जाऊ द्या. यादीतली परळी तेवढी त्यांनी अजून खोडलेली नाही.